ढलप्या कोणाच्या?

लाकूडकामात टाकाऊ असे फारसे काही नसते, हे कोणताही सुतार सांगेल. सॉ-मिलमध्ये गोल ओंडका शिरला म्हणजे त्यातून चौकस फळ्या म्हणून जे बाहेर पडते ते ओंडक्याच्या निम्म्याच्या आसपास असते. बाकीचे सालपट, कडेच्या पट्ट्या, तुकडे आणि भुसा. त्या फळ्यांतून दरवाजा किंवा पलंग घडविताना पुन्हा फळकुटे उरतात. घराघरांतील कितीतरी वस्तूंचा जन्म या उरल्यासुरल्यातच झालेला आहे. पोळपाट, रवी, पाट, खुंटी, बाजेचे खूर, दाराची पाचर, मुलांचा भोवरा आणि विटी-दांडू यांसाठी कोणी मुद्दाम झाड तोडीत नाही. वखारीत जे लाकूड लांबीला कमी पडले तेच या कामी येते, आणि जे याही कामी येत नाही ते चुलीत जाते.

अलीकडे या जुन्या काटकसरीला शहरांत नवी प्रतिष्ठा लाभली आहे. परदेशी यंत्रसामग्रीबरोबर पाइनच्या लाकडाची जी खोकी आणि पॅलेट येतात ती फोडून केलेली टेबले व मांडण्या मोठ्या दुकानांत ‘अपसायकल्ड’ या नावाने विकल्या जातात, आणि त्या विकत घेणाऱ्याला पर्यावरणाची सेवा केल्याचे समाधान वस्तूबरोबर मिळते. त्यात गैर काही नाही. वाया जाणारे लाकूड वाचते, हे चांगलेच आहे. परंतु या सगळ्या कौतुकात एक प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनीही तो ‘उपउत्पादन’ या सदराखाली एका परिच्छेदात निकालात काढलेला आहे. तो प्रश्न असा, की उरलेला तुकडा कोणाचा? ज्याने लाकूड विकत घेतले त्याचा, की ज्याच्या करवतीखाली तो उरला त्याचा?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो क्षुल्लक नाही, हे ज्यांना ठाऊक होते ते अठराव्या शतकातील इंग्लंडच्या सरकारी गोद्यांतील सुतार होते. डेटफर्ड, वूलिच, चॅथम, पोर्ट्समथ, प्लिमथ येथील या गोद्या त्या काळातील जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी होत्या. एका मोठ्या युद्धनौकेला ओकची हजारो झाडे लागत आणि ती तासण्याचे, वाकविण्याचे, सांधण्याचे काम करणाऱ्या जहाजी सुताराचा रोज २ शिलिंग १ पेनी असा होता. हा दर जवळजवळ शतकभर बदलला नाही. शिवाय तोही वेळेवर मिळत नसे. नौदलाची तिजोरी रिकामी असली म्हणजे पगार महिनोन् महिने थकत. मग हे लोक जगत कसे? त्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर ढलप्यांत होते. कामावरून घरी जाताना उरलेले लाकूड बरोबर नेण्याचा सुतारांचा रिवाजी हक्क होता, आणि ‘चिप्स’ म्हणजे ढलप्या याच नावाने तो ओळखला जाई. तीन फुटांहून लांब तुकडा न्यायचा नाही, एवढीच काय ती मर्यादा.

पीटर लाइनबॉ या इतिहासकाराने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द लंडन हँग्ड’ या ग्रंथात या ढलप्यांचा संसार उभा केला आहे. गोदीलगतच्या वस्त्यांतील घरांचे जिने, दारे, झडपा, कपाटे ही तीन फुटांहून थोड्या कमी मापाच्या लाकडातून बनलेली असत. म्हणजे जहाजाच्या उरलेल्या लाकडातून कामगारांची वस्ती उभी राहत होती. चुलीला सरपण मिळे, जास्तीचे बाजारात विकले जाई. ‘चिप्स’ ही बक्षिसी नव्हती, वेतनाचाच एक भाग होती. सरकारलाही ते ठाऊक होते. एरवी शतकभर न वाढलेल्या रोजावर कुशल कारागीर टिकले नसते.

याची दुसरी बाजू दडविण्याचे कारण नाही. तीन फुटांची मर्यादा ठरली म्हणजे चांगली लांब फळीही कापून पावणेतीन फुटांची करण्याचा मोह होणारच, आणि तो होत असे. दिवस संपता संपता जहाजाचे काम थांबे आणि ढलप्यांचे सुरू होई. सरकारी लाकूड अशा तऱ्हेने नासत होते ही अधिकाऱ्यांची तक्रार बिनबुडाची नव्हती. मात्र रोज वाढवावा, तो वेळेवर द्यावा आणि मग ढलप्या बंद कराव्यात, हा साधा उपाय कित्येक वर्षे सुचला नाही. सुचले ते एवढेच, की ओझे खांद्यावरून न्यायचे नाही, न बांधता काखेत मावेल तेवढेच न्यायचे. १७५३ सालचा हा हुकूम. १७५६ मध्ये चॅथमच्या गोदीत तो अमलात आणण्यासाठी दरवाज्यावर नौसैनिक उभे केले गेले, तेव्हा सुतारांनी खांद्यावरची ओझी खाली उतरविण्यास नकार दिला आणि ढलप्या आपल्या आहेत असे सांगून ते जथ्याने दरवाज्याबाहेर पडले. चोरी करणारा माणूस दिवसाढवळ्या, संगिनीसमोरून, खांद्यावर माल घेऊन जात नाही. जो जातो त्याच्या मनात हक्काची जाणीव असते.

हा हक्क शेवटी १८०१ साली संपुष्टात आला. तो संपविण्यामागे जे गृहस्थ होते ते सॅम्युएल बेंथम, उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचे धाकटे बंधू, १७९६ पासून नौदलाच्या बांधकामांचे महानिरीक्षक. ढलप्यांऐवजी सुताराला दिवसाला ६ पेन्स भत्ता देण्याचे ठरले. साध्या मजुराला त्याहून कमी. त्याच वर्षी धान्य महाग झाल्यामुळे वेतनवाढ मागणाऱ्या गोदी कामगारांच्या पुढाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे थोड्याच वर्षांत पोर्ट्समथ येथे मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी घडविलेली यंत्रे बसली व जहाजांना लागणाऱ्या कप्प्या त्यांवर तयार होऊ लागल्या. पूर्वी ११० कुशल कामगार जे करीत ते १० अकुशल माणसे करू लागली. तुकड्यावरचा हक्क जाणे आणि कौशल्याची किंमत जाणे या दोन घटना एकाच गोदीखात्यात, एकाच माणसाच्या अमदानीत घडल्या. रोकड वेतनाची आधुनिक पद्धत म्हणून अर्थशास्त्राच्या इतिहासात जिचे स्वागत होते, तिचा हा जन्मवृत्तांत आहे. ती पद्धत पुढारलेली खरीच; पण कामगाराने तिच्यासाठी काय मोजले, याचा हिशोब मात्र कोणी मांडीत नाही.

इंग्लंडातील गोदीच्या दरवाज्यावर जे घडले तेच जर्मनीत ऱ्हाईन प्रांताच्या जंगलात घडत होते. तेथील गोरगरीब झाडाखाली गळून पडलेल्या वाळक्या फांद्या पूर्वापार गोळा करीत. प्रांतिक सभेने या गोळा करण्याला चोरी ठरविणारा कायदा चर्चेला घेतला. कोलोनहून निघणाऱ्या एका दैनिकात १८४२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या चर्चेवर जी लेखमाला आली तिचा लेखक चोवीस वर्षांचा कार्ल मार्क्स होता. उभे झाड तोडणे आणि पडलेली काटकी उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पडलेली फांदी झाडापासून जशी सुटली तशी मालकीपासूनही सुटली, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे १८५९ साली स्वतःच्या वैचारिक प्रवासाकडे मागे वळून पाहताना त्याने नमूद केले, की लाकूडचोरीच्या या वादानेच आपल्याला प्रथम आर्थिक प्रश्नांकडे वळविले. समाजवादी अर्थविचाराच्या एका मोठ्या प्रवाहाचा उगम काटक्यांच्या भाऱ्यात आहे, हे कार्यकर्त्यांनी अधूनमधून आठवायला हरकत नाही.

आपल्याकडे तर हा इतिहास नव्हे, अनुभव आहे. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरील गावकऱ्यांच्या पूर्वापार वहिवाटीचे रूपांतर सरकारच्या मर्जीवरील सवलतीत केले. वनखात्याने डोंगर आणि गायराने गिळून टाकल्यामुळे गरीब शेतकऱ्याची काय दशा झाली, हे जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले. त्यानंतर मोळीविक्या बायांनी किती दंड भरले आणि किती कोयते जप्तीत गेले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची जी व्याख्या केली तीत बांबूबरोबर झुडपी लाकूड आणि झाडांचे बुंधे यांचाही समावेश आहे, आणि त्यावर वननिवासींची मालकी मान्य केली आहे. कागदावर का होईना, उरलेले लाकूड कोणाचे या प्रश्नाला भारतीय संसदेने एक उत्तर दिले. अंमलबजावणी हा वेगळा लढा आहे आणि तो चालूच आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो विरोधकांकडून नव्हे, आपल्याच चळवळीतून यायला हवा. उरलेल्यावरचा रिवाजी हक्क म्हणून ज्याचे गुणगान चालले आहे, त्याच रिवाजाने या भूमीत माणसांना शतकानुशतके वाकविले नाही काय? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली लिहिलेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या हक्कांची जी वर्णने आहेत ती वाचली म्हणजे या ‘हक्क’ शब्दाचा अर्थ ध्यानात येतो. सुतार हा बलुतेदारांच्या थोरल्या ओळीचा. त्याला खळ्यावर धान्य मिळे आणि नांगर-तिफण घडविताना उरलेल्या बाभळीचा उपयोगही करता येई. पण त्याच ओळीत महारही होता, आणि त्याच्या वाट्याला आलेले ‘हक्क’ म्हणजे मेलेले ढोर आणि मढ्यावरचे कापड. हे हक्क सोडा, हे डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला सांगितले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते गावाने टाकलेल्या तुकड्यांऐवजी रीतसर मोबदला मिळावा म्हणून. ती वतने कायद्याने नाहीशी व्हायला १९५८ साल उजाडले. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार रोख नाण्यांत व नोटांत द्यावा असे बंधन मालकांवर घातले, तेही कामगाराच्या हिताचेच होते.

तेव्हा जुनी रिवाजी व्यवस्था परत आणावी, असे कोणी म्हणत असेल तर तो भाबडेपणा आहे. चॅथमचा सुतार आणि गावकुसाबाहेरचा महार यांचे हक्क वरवर सारखे दिसतात. दोघांनाही मिळत होते ते उरलेले. परंतु पहिल्याने ते जथ्याने, कामाच्या जोरावर, दरवाज्यावरील पहाऱ्याला न जुमानता राखले होते. दुसऱ्यावर ते जन्माने लादले होते, नाकारण्याची मुभा नसलेले. ज्या हक्काला नकार देता येत नाही तो हक्क नव्हे, ती वेठ आहे. यावरून एक नियम हाती लागतो. पुरे वेतन आधी, रोख आणि वेळेवर. तुकड्यावरचा दावा त्याच्यावर, त्याच्या बदली कधीही नाही. हा क्रम चुकला तर मालक उद्या भुशाची पोती पगारात धरू लागेल.

आता आजच्या कारखान्याच्या दरवाज्याशी येऊ. चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात मोटारी आणि यंत्रांचे जे कारखाने आहेत त्यांच्याकडे सुटे भाग लाकडी खोक्यांतून व पॅलेटवरून येतात. रिकामे झालेले हे लाकूड लोखंडी कचरा, पुठ्ठा, प्लॅस्टिक यांच्याबरोबर भंगाराच्या ठेक्यात जाते. त्या ठेक्यांवरून या पट्ट्यात जी दादागिरी, खंडणी आणि मारामाऱ्या चालतात त्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. ज्या वस्तूसाठी टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठतात ती वस्तू टाकाऊ असू शकत नाही. तुकड्याला जोवर भाव नव्हता तोवर तो कामगाराने नेला तरी कोणी हटकीत नव्हते. भाव आला त्या दिवशी त्याला मालक मिळाला, ठेकेदार मिळाला आणि दरवाज्यावर झडती सुरू झाली. लहान तुकड्यांना दाते पाडून, सरसाने एकमेकांत बसवून लांब फळी करणारी यंत्रे आली, भुसा आणि कपच्या दाबून बोर्ड करणारे कारखाने आले. त्यामुळे तर बोटभर तुकड्यालाही गिऱ्हाईक आहे.

या साखळीच्या दुसऱ्या टोकाला जो सुतार बसला आहे त्याचे काम पाहण्यासारखे असते. पॅलेट फोडणे म्हणजे आधी खिळे काढणे, आणि त्यातच अर्धा दिवस जातो. एखादा मोडका खिळा लाकडात राहून गेला तर रंध्याचे पाते जाते आणि यंत्रावर काम चालू असेल तर डोळाही जाऊ शकतो. पाइन हलके आणि मऊ, त्यात गाठी फार. कोणता तुकडा खुर्चीच्या पायाला घ्यायचा आणि कोणता नुसता फळीला, हे हाताला कळावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अशा लाकडावर कीड मारल्याचा शिक्का असतो. ‘एचटी’ असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापविलेले. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. दुसऱ्या प्रकारचे लाकूड स्वयंपाकघरातल्या वस्तूंना किंवा मुलांच्या खेळण्यांना वापरू नये. हा शिक्का वाचायला किती कारागिरांना कोणी शिकविले आहे? लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच निःसंदिग्धपणे जाहीर केले. तरी पत्र्याच्या शेडमध्ये तोंडाला रुमाल बांधूनच भागविले जाते. शेवटी जी मांडणी दुकानात जाते तिच्या किमतीत लाकूड वाचविल्याचे पुण्य दुकानदार मोजून घेतो. सुताराला मात्र नगावर पैसे मिळतात.

यावर काय करता येईल? उरलेल्यावर कष्टकऱ्यांचा दावा संघटनेच्या बळावर मान्य करून घेता येतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचऱ्यातून भंगार वेचणाऱ्या या बायांना तोवर चोर समजण्यात येत होते. त्यांना महापालिकेची ओळखपत्रे मिळाली, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. त्या व्यवस्थेत एक तत्त्व कळीचे आहे: कचरा उचलण्याच्या कामाचे पैसे वेगळे, आणि त्यात निघालेल्या भंगाराची विक्री वेचणाऱ्या बाईची. वेतन आधी, तुकडा त्याच्यावर. चॅथमच्या सुतारांना जे जमले नाही ते पुण्याच्या कचरावेचक बायांनी करून दाखविले. त्यावर खासगी ठेकेदारांचे सावट वारंवार येते, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

कारखान्यांतील कामगार संघटनांनी मात्र हा विषय कधी हाती घेतलेला नाही. करारात महागाई भत्त्याच्या एकेका पैशासाठी रात्री जागविल्या जातात, पण भंगारविक्री हा जणू मालकाचा खासगी मामला. कामगारांना भंगारात वाटा दिला तर ते मुद्दाम माल नासतील, असे व्यवस्थापन म्हणेल, आणि तीन फुटांच्या ढलप्यांचा दाखलाही देईल. फर्निचरच्या कारखान्यापुरता तो आक्षेप खरा आहे. तेथे वाटा भंगाराच्या विक्रीवर न मागता लाकडाच्या बचतीसह मागावा, म्हणजे नासण्यात कोणाचाच फायदा उरणार नाही. परंतु जपानहून किंवा जर्मनीहून आलेले खोके चाकणचा कामगार वाढवू शकत नाही. तेथे हा आक्षेप लागूच पडत नाही. अशा लाकडावर पहिला हक्क आजूबाजूच्या गावांतील सुतारांच्या सहकारी संस्थेचा, ठरावीक दराने, लिलावाविना. आणि विक्रीतील हिस्सा कंत्राटी कामगारांसकट सर्वांच्या कल्याण निधीत, अशी मागणी करारात घालता येईल. ठेक्याच्या गुंडगिरीला पोलिसांच्या बंदोबस्ताने जो आळा बसत नाही तो कदाचित यानेच बसेल, कारण लुटण्यासारखे काही शिल्लक राहणार नाही.

संस्था उभी करणे सोपे नाही. सुतार एकेकटे काम करतात, बरेचसे उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून आलेले असतात, आणि ज्या शेडमध्ये दिवसा काम करतात तेथेच रात्री झोपतात. स्थानिक विरुद्ध परप्रांतीय असा वाद पेटविणाऱ्यांना येथे आयते सरपण मिळेल, म्हणून संस्थेचे सभासदत्व हातातल्या करवतीवर ठरावे, रेशनकार्डावरच्या गावावर नव्हे. सुरुवात कार्यकर्त्यांनी अगदी साध्या गोष्टीपासून करावी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात बहुधा ‘भंगार विक्री’ अशी एक ओळ असते, इतर उत्पन्नाच्या आसपास कोठे तरी, बारीक टाइपात. पुढील वाटाघाटींना बसण्यापूर्वी आपापल्या कारखान्याच्या अहवालातील तो आकडा शोधून काढावा, त्याला कामगारांच्या संख्येने भागावे आणि तो फळ्यावर लिहून ठेवावा.